आईच्या छातीतला डाग आणि माझं पत्रक

ऊस तुटून गेला की रानात पाचट उरतं, उसाची वाळलेली पानं. कुजवलं तर खत होतं. पण काडी टाकली की घटकाभरात रान मोकळं, म्हणून आमच्या शेळगावात लोक काडीच टाकतात. याविरुद्ध आमचा पाचसहा जणांचा गट आहे आणि पत्रकं मी लिहिते. पत्रकात नरम बोलायचं नसतं, हे मी सगळ्यात आधी शिकले.

आईला पित्ताचे खडे काढायला बारामतीला नेलं. ऑपरेशनआधीच्या एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात बोराएवढा डाग दिसला. तिला ना खोकला, ना धाप. डॉक्टर म्हणाले, सुईनं तुकडा काढून तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मला मात्र लगेच सांगता येत होतं. नव्या पत्रकात ओळ घातली: ‘माझ्या आईच्या फुफ्फुसात डाग आहे. तो शेजारच्या बांधावरून आला.’ आईला विचारलंसुद्धा नाही. इंदापूरच्या बाजारात वाटून आले.

शेजारचा बांध तात्यांचा. नाव घालायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तात्या आले ते दारातच थांबले. ‘‘वयनी, माझ्यामुळं झालं का वो?’’ आई म्हणाली, ‘‘आत तर या.’’ पण ते आले नाहीत. मग रोज सकाळी दुधाचा तांब्या दारात ठेवून मागं फिरायचे. तेव्हा तुटलेल्या उसाचं पाचट त्यांनी जाळलं नाही, सरीत दाबून कुजवलं. मी गटात सांगितलं, बघा, पत्रकानं काम केलं.

तुकड्याचा रिपोर्ट आला. फुफ्फुसात थायरॉईडच्या पेशी! थायरॉईड गळ्यात असते एवढं मलाही ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले, ‘‘गळ्यातला कॅन्सर पसरला तरी असं दिसतं. आधी गळा तपासू.’’ ते आठ दिवस मी एक अक्षर लिहिलं नाही.

सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला. गळ्यातली ग्रंथी निरोगी. मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोटात बाळ घडत असताना या ग्रंथीचा एखादा कण क्वचित वाट चुकतो आणि छातीत राहून जातो. कॅन्सर नाही. कापायची घाई नाही, अधूनमधून तपासत राहू.

‘‘आणि धूर?’’ मी विचारलं.

‘‘या डागाशी धुराचा काही संबंध नाही.’’

आई वाचली याचा आनंद व्हायच्या आधी मला पत्रक आठवलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

परतताना एस.टी.त आई म्हणाली, ‘‘म्हंजे जन्मापासनं हाय व्हय त्यो डाग माझ्यापाशी? मग तात्यांना सांग आजच.’’

‘‘आत्ता नको. कळलं की परत काडी टाकतील.’’

‘‘त्यांची सून सांगत हुती, ताटावरनं उठून जात्यात. आन् माझी छाती तुझ्या कागदाला मी कधी दिली गं?’’

एरवी मी कुणाशीही वाद घालते. त्या दिवशी एस.टी.तून उतरून सरळ तात्यांकडे गेले.

तात्या गोठ्यात होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, चुकले म्हणाले. ते गव्हाणीला टेकले. 

‘‘खरं बोलतीस, का वयनीनं बोलाय लावलं?’’

‘‘दोन्ही.’’

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. ‘‘ल्हायच्या आधी मला इचाराय काय झालं हुतं? बांधाला बांध हाय.’’

मी म्हणाले, डाग धुरामुळं नसला तरी धूर वाईटच, गावातल्या दम्याच्या माणसांना विचारा. ‘‘आता तुझं कशाला खरं मानू?’’ ते म्हणाले, आणि वैरण टाकायला उठले.

पुढच्या पत्रकात सगळ्यात वर चूक छापली. गटातल्यांनी अडवलं, ‘‘आपलाच पाय तोडतीस का?’’ मी ऐकलं नाही. अजूनही वाटतं, त्या पत्रकाला आधीच्यासारखी धार नाही.

पुढं रानाच्या एका तुकड्यातला ऊस उशिरा तुटला, त्या पाचटाला तात्यांनी काडी टाकली. धूर सरळ आमच्या ओट्यावर. आईनं वाळत घातलेले कपडे ओढून आत घेतले, दार लावलं आणि मला म्हणाली, ‘‘जा. आता भांड.’’

मी चपला घातल्या.