साहेबांची चौकशी

साहेबांनी कालवणाचं वाडगं माझ्या तोंडावर मारलं. कालवण कढत होतं. तिखट उजव्या डोळ्यात गेलं, मी खाली बसलो. मग लाथ. बरगडीत.

"खारव्याचा ना रे तू? काटे काढायची अक्कल नाही?"

टेबलाशी त्यांचा घाटावरचा पाहुणा खोकत होता. घशात काटा अडकलेला.

मी खारवी, मासेमारांच्या घरातला; इकडे कोकणातल्या एका कोर्टात शिपाई. तेव्हा ड्युटी न्यायाधीशसाहेबांच्या बंगल्यावर. "चांगला मासा आण," म्हणाले, म्हणून जयगडहून करली आणली. आमच्याकडे जावई आला की करली. तिच्यात काट्यांचं रान असतं, ते जिभेने बाजूला सारत खायचं. हे घाटावरच्या माणसाला कुठून माहीत? मी मान म्हणून वाढली.

"चुकलं, साहेब," म्हणालो. एका डोळ्याने बघत फरशी पुसली.

घरी बायको ओरडली, "अवो, कोणी मारलान तुमाला?" रत्नागिरीला डॉक्टरकडे तिनेच नेलं. वरच्या कोर्टाकडे तक्रारही तिनेच करायला लावली. प्रतिज्ञापत्रासकट.

चौकशीला दुसरे न्यायाधीश आले. बसले कुठे? साहेबांच्याच चेंबरमध्ये. दार लावून. शेजारी साहेब, चहा पीत. मी उभा.

"तुला साहेबांनी मारलं?"

साहेब हसले. "सांग ना रे. अजून बरीच नोकरी व्हायचीय तुझी."

"नाही साहेब. पाय घसरला."

दोघांनी बिस्किटं संपवली. चौकशीत काय ठरलं ते मला कुणी कळवलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या शिमग्याआधी साहेबांनी बंगल्यावर झाडलोट करणाऱ्या संगीताला जांभ्याच्या पायऱ्यांवरून ढकललं. पाणी सांडलं म्हणून. तिचं मनगट मोडलं. प्लास्टर घालून ती माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही.

"दादा, तेव्हा तुमी खरा सांगितला असतात तर हा माजा हात मोडला नसता."

तो हात साहेबांनी मोडला, आणि मीही.

तिच्या हाताचा बोभाटा झाला, मग साहेबांची बदली आली. वरच्या कोर्टाच्या लेखी ही शिक्षा. म्हणजे आता दुसऱ्या गावाने मार खायचा. निरोप समारंभ झाला, हार झाले. साहेबांनी मला बॅग उचलायला सांगितली आणि सगळ्या वकिलांसमोर म्हणाले, "हा आमचा मच्छीतज्ज्ञ. पाहुण्याला मारतच होता!" सगळे हसले.

मी बॅग खाली ठेवली.

"साहेब, तुम्ही मला मारलंत. संगीताचा हात तुम्ही मोडलात. चौकशीत मी खोटं बोललो."

त्यांनी कानाखाली मारली. कान सुन्न झाला. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा मी मनगट धरलं. पिरगळावंसं वाटलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकावासा वाटला, खरं सांगतो. धरून राहिलो, एवढंच.

"सोड. नोकरी खाईन तुझी."

"खा. पण आता सगळ्यांनी बघितलं."

वकील जमिनीकडे बघत होते. एक जण तर गाडी काढायला गेला.

मी निलंबित आहे. शिपायाची चौकशी किती झटपट लागते! मी नवं प्रतिज्ञापत्र केलंय. त्यात माझं खोटंही लिहिलंय. संगीताने स्वतःचं वेगळं दिलंय. आमचं मागणं साधं आहे. न्यायाधीशाची चौकशी त्याच्या भाईबंदांनी त्याच्याच चहावर करू नये. ती उघड्या कोर्टात व्हावी, बाहेरची माणसं घेऊन. साक्ष देणाऱ्याची नोकरी तोवर शाबूत राहावी. निकाल आम्हाला वाचून दाखवावा. दोषी ठरला तर बदली नको, खुर्ची काढून घ्या.

कोर्टाच्या दारात उभा राहून मी चोरांची नावं पुकारलीत, खुन्यांची पुकारलीत. साहेबांचं नाव अजून कुणी पुकारलेलं नाही. माझा पट्टा काढून घेतलाय, आवाज नाही. ते पिंजऱ्यात उभे राहीपर्यंत मी त्या दारासमोरून हलणार नाही.