पंगतीतली गोळी

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो आणि त्यांच्या थोरल्या भावाला आबा. आबांवर मी जो सूड उगवला त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी समजूत घालायला येणार नाही.

नानांना ब्लडप्रेशर निघालं तेव्हा मी अमळनेरला नोकरीला होते. गोळ्या घेऊन एसटीनं गावी जायचे. गोळी रोज घ्यायची, आयुष्यभर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नानांची सकाळ जायची आबांच्या ओट्यावर, आणि तिथे आबांचं तोंड सुटलेलं. "आमना घरमा कोनी खादी का गोयी? बठ्ठा टणका शेतस. हाऊ एकलाच गोयीवाला निंघना." घरात सगळे टणक आणि हा एकटाच गोळीवाला, यावर सगळा ओटा हसायचा. नानांनी थोरल्या भावापुढे कधी मान वर केली नव्हती. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि मला मात्र 'घेतो' म्हणून सांगत राहिले.

एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. धुळ्याच्या दवाखान्यात मी उशाशी बसले होते. आबा आले, डोळे पुसले, तंबाखू मळायला डबी काढली. डबी हातातून निसटली आणि खाली पडून उघडली. तंबाखूत दडवलेलं गोळ्यांचं पाकीट. नानांना दिलेली तीच गोळी, तेच नाव, आणि निम्म्याहून जास्त पाकीट रिकामं. आबा स्वतः चोरून गोळी घेत होते.

"कोणले सांगू नको, बेटी," आबा म्हणाले.

मी सांगितलं नाही. नुसतं विचारत गेले.

पहिल्यांदा विचारलं ते चुलतभावाच्या लग्नात. वरण-बट्टीची पंगत बसलेली, भाऊबंद रांगेत, आबांचे नवे व्याही समोर. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "आबा, तुमनी बीपीनी गोयी लिधी का?" आबांचा घास हातातच राहिला. कोणीतरी फिस्कन हसलं. ते हसू मला बट्टीवरच्या तुपापेक्षा गोड लागलं. मग बारशाला विचारलं, साखरपुड्याला विचारलं. नाना गेले, त्यांच्या दहाव्यालाही विचारलं. आई म्हणाली, "आते बस कर." मी केलं नाही.

आबांना लपवायला काही उरलंच नाही. ते चारचौघांत गोळी घेऊ लागले, तीही वेळेवर. ओट्यावरचे दोघं-तिघं म्हातारेही खिशातून आपापली पाकिटं काढायला लागले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी आबांची अब्रू काढत होते आणि त्यांची तब्येत सुधारत होती.

एका दिवाळीला आबा मला म्हणाले, "तुनामुये मी वाचनू, बेटी." मनापासून म्हणत होते, डोळ्यांत पाणी होतं. मी तांब्या पुढे केला.

"ल्या गोयी, आबा. नानाले तुम्ही लेवू दिधी नही."

त्यांनी गोळी गिळली.