ओल्या खडूचा पारिजातक

चूक माझीच होती, ते आधीच सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीला मी एका फुलाचा खोटा वास सांगितला. पुढचं वाचून हसू आलं तरी चालेल... मी केमिस्ट्री शिकलेला माणूस, चमत्कारांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही बडोद्याला सुभानपुऱ्यात राहायचो. मीनूला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. शरीरातले स्राव घट्ट, चिकट, घाम इतका खारट की आई पापा घेऊन म्हणायची, "माझा खारा शेंगदाणा!" छातीचा खोकला सगळ्यांना ऐकू यायचा, पण तिला जास्त छळायचं ते नाक. सायनस कायम पिकलेले, आत पॉलिप – द्राक्षांसारखे मऊ गोळे. वास म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. रोज सकाळी मी मिठाचं कोमट पाणी करून द्यायचो, ती मोरीत वाकून नाक धुवायची. बाजव्याच्या खत कारखान्याकडून वारा सुटला की आम्ही नाकाला रुमाल लावायचो आणि ती ऐटीत म्हणायची, "माझं नाक कायम सुट्टीवर!"

पण प्रत्येक वास ती मला विचारायची. "दादा, फोडणीचा कसा? पेट्रोलचा कसा?" मी सांगायचो, ती ते मनात जपून ठेवायची. फार गोड दिवस होते ते.

एकदा माझी परीक्षा होती. ती अंगणातला ओंजळभर पारिजातक घेऊन आली. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "ओल्या खडूसारखा. जा आता."

तिनं ते वर्गात सांगितलं. सगळे हसले. घरी येऊन मला म्हणाली, "मी पण ऐकवलं त्या हेतलला – मारो भाई खोटुं न बोले!"

मी पुस्तकाचं पुढचं पान उलटलं.

ती आठवीत असताना नाकाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या आजारात पॉलिप पुन्हा वाढतात. वास आला तर मिळेल तेवढा घ्या." नाक मोकळं झालं त्या सकाळी ती धावत अंगणात गेली, थेट पारिजातकाखाली. मी मागून ओरडलो, "मीनू, थांब!"... तोवर तिनं फुलं नाकाशी धरली होती. तिनं नाकानं घेतलेला एवढा लांब श्वास मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दादा! ओला खडू!"

वाटलं, मला सांभाळून घेतेय. मी एक फूल हुंगलं. ओला खडूच – ओल्या फडक्यानं फळा पुसल्यावर येतो तसा. तेवढ्यात शाळेत शिकवणारी आमची आई चहा घेऊन बाहेर आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणाली, "अगबाई, हा वर्गातला वास कुठून येतोय?"

शेजारच्या पटेलकाकांचा पारिजातक मी मुद्दाम जाऊन हुंगला. तो नेहमीसारखाच गोड. खडूचा वास फक्त आमच्या झाडाला, आणि तोही मीनूचं नाक उघडं होतं तेवढेच आठवडे. "गेला रे वास," असं ती म्हणाली, त्याच दिवशी आमची फुलंही पुन्हा गोड झाली.

झाडांचा अभ्यास असलेल्या मित्राला विचारलं, डॉक्टरांना विचारलं. मनाचे खेळ, म्हणाले. मग आईचं काय? तिला तर माझी थाप ठाऊकच नव्हती. मला सलत राहिलं ते वेगळंच... त्या थोड्या आठवड्यांत तिला फोडणी खरी मिळाली, पेट्रोल खरं मिळालं, आणि तिचं सगळ्यात लाडकं फूल तेवढं माझ्या थापेनं खाल्लं.

काही वर्षांनी दुसरं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जायला मी स्कूटर काढत होतो. मागे बसता बसता ती म्हणाली, "आल्यावर आधी पारिजातक. खडूवाला!"

मी स्कूटर बंद केली.

"मीनू, तो वास मी तोंडाला येईल तो सांगितला होता. तुझ्या फुलांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. पारिजातकाचा वास कसा असतो ते आता मी सांगणार नाही... या वेळी तू मला सांग. चुकलो गं. मला माफ कर."