चुलीचा घास

ताप उतरला, पण लखूचं तोंड काही उघडेना. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं: आज रात्री पोटात काही गेलं नाही, तर उद्या कारवारला न्यायचं आणि नाकातून नळी घालायची. अणशीचं घर सोडून मुलीच्या जोयड्यातल्या भाड्याच्या खोलीत यायलाच तो कसाबसा तयार झाला होता. कारवारचं नाव निघालं की भिंतीकडे तोंड फिरवायचा.

सकाळी तो एवढंच पुटपुटला, "इसवण." तेवढ्या शब्दावर त्याची बायको देवकी बाजारात धावली आणि माशाची कापं घेऊन आली. पाहते तो गॅस संपलेला. घरमालकाला खोलीत चूल चालत नव्हती. उरली मुलीची, राखीची, मायक्रोवेव्हची पेटी. राखी कामावरून फोनवर सांगू लागली.

"काचेच्या भांड्यात घाल, आई. स्टीलचं नको, ठिणग्या उडतात."

"अगं, पण इस्तव कुठं हाय हिच्यात?"

"विस्तव नसतोच! बटन दाब तू."

देवकीनं तळाशी कणगीच्या कंदाच्या पातळ चकत्या पसरल्या, वर लाल माठ, त्यावर हळद-मीठ लावलेली इसवण, चेचलेली तेफळं आणि नारळाचा रस घातला. पेटी घुमली आणि थांबली. झाकण काढताच तेफळांचा वास सुटला. लखूनं मान वळवली. देवकीनं घाईघाईनं घास ओठांशी नेला, तर दात मिटलेलेच.

"चुलीला घातलास?"

त्यांच्या घरची रीतच होती ती. पहिला घास विस्तवाला, मग माणसाला.

"चूल न्हाई हो हितं. ह्या पेटीतच शिजलंय."

"इस्तवाबिगर? मग कच्चंच हाय ते."

"पाया पडते तुमच्या. उद्या नळी घालतील."

"घालू दे."

देवकीला रडू फुटलं. डोळे पुसता पुसता राखीचा 'ठिणग्या' हा शब्द तिच्या कानात वाजला. तिनं स्टीलच्या वाटीत माशाचा तुकडा ठेवला, वाटी पेटीत सारली आणि बटन दाबलं. तडतड झाली. काचेमागं निळ्या ठिणग्या उडाल्या.

"बघा! दिसला इस्तव?"

लखू कोपरावर उठून बघत राहिला. "पेटला गे," म्हणाला आणि त्यानं आ केला.

पेटीतून जळका वास आला, आतला दिवा विझला. देवकीनं एका हातानं प्लग उपटला, दुसऱ्या हातानं घास भरवला. राखीचा फोन पुन्हा वाजू लागला. देवकीनं तो वाजू दिला. लखू चावत होता.