खिशातला अंगठा

आमच्या क्लबात एगोन रावनइतके चांगले हात कुणी बनवत नाही. हात म्हणजे यंत्राचे. दर शनिवारी सकाळी केर्टेमिने या आमच्या गावातल्या जुन्या डेअरीत आम्ही दहा-बारा म्हातारी माणसं जमतो, कॉफी पितो, लोणी-साखर ओघळणारा केक बोटं चाटत खातो आणि हौसेचे रोबो बनवतो. कुणाचा चालतो, कुणाचा टेबलावरून पडतो. चाकं, डोकी असल्या भानगडीत एगोन पडत नसे. "डोकं काय, कुणालाही असतं," तो म्हणायचा. "हात जमायला अक्कल लागते."

पस्तीस वर्षं त्याने जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग केलं. कारखाना बंद पडला. बायको त्याआधीच गेली होती. रिकाम्या घरात एक दिवस त्याने टेबलावरचा दिवा खोलून पाहिला. वाकवाल तिथे थांबणारा दिवा, सगळं वजन दोन स्प्रिंगांनी तोललेलं. तिथून त्याला यंत्राच्या हातांचं वेड लागलं. मोटर कोपरात नको, खांद्यात बसवायची, म्हणजे हात हलका राहतो. मग सायकलच्या ब्रेकची तार आतून नेऊन कोपर आणि मनगट ओढायचं. हिशेब मी करून द्यायची, कारण मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं.

"हात लांबवलास तर उचलणार नाही," मी सांगायची.

"मास्तरीणबाई, गणित तुझं, वजन माझं. तू गप केक खा."

हात उचलायचा नाही. मग तो मुकाट्याने कापून आखूड करायचा आणि ती कल्पना आपलीच असल्यासारखा मिरवायचा.

त्या मे महिन्यात वाचनालयात आमचं प्रदर्शन होतं. एगोनने जेवण भरवणारा हात केला होता. कॅमेऱ्याने चेहरा पाहून चमचा आपोआप तोंडाशी आणायचा, अशी त्याची योजना. घरी तो दहात दोनदा चाले. प्रदर्शनात प्रोग्रॅम अडकला तो अडकलाच. समोर चाळीस माणसं बसलेली. एगोनने दोनदा बटण दाबलं, घसा खाकरला आणि उजवा हात स्वेटरच्या खिशात घातला. खिशात चाचणीसाठी बनवलेली छोटी पेटी होती, तिच्यावरची दांडी अंगठ्याने फिरवली की हात तसा हलायचा. हात उठला, डौलात वळला आणि ग्रंथपालबाईंच्या ओठांशी दह्याचा चमचा धरून थांबला. टाळ्या पडल्या.

मी पहिल्या रांगेत होते. त्याच्या खिशाचं कापड आतून हलताना मला दिसलं. मीही टाळ्या वाजवल्या. स्प्रिंगांचं गणित माझं होतं ना! झाकली मूठ सव्वा लाखाची, मी मनाशी म्हटलं. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

टाळ्या संपायच्या आत टोवे पुढे आली. तिचा नवरा हेनिंग त्याच कारखान्यात क्रेन चालवायचा. आता त्याचे हात आणि मान सतत थरथरतात. दोन वर्षं तो स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून जेवत होता, भरवून घेताना कुणी बघू नये म्हणून. "सत्तरावा वाढदिवस करायचाच नाही म्हणतोय," टोवे म्हणाली. "हा हात देशील का?"

एगोनने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "तीन आठवडे दे."

दुसऱ्या दिवशी हेनिंगने स्वतः मुलांना फोन करून जेवायला बोलावलं.

एगोन राबला, हे मी शपथेवर सांगेन. यंत्रासमोर बसून तो स्वतःची मान थरथरवायचा आणि चमचा कधी गालावर, कधी कानात यायचा. सगळे शर्ट सुपाने डागाळले. एका शनिवारी वर न बघता त्याने विचारलं, "तुला काय वाटतं?"

बोलायची वेळ तीच होती. मी म्हणाले, "वरची स्प्रिंग अर्धा फेरा घट्ट कर."

त्याने केली.

जूनमधल्या त्या रविवारी दुपारी टेबलाभोवती आम्ही चौदा जण होतो. आमच्याकडच्या रीतीने टेबलावर कागदी झेंडे, गाणं, नऊ वेळा हुर्रे, मग कोंबडीचं सूप आलं. हेनिंगशेजारी एगोन, एगोनचा हात खिशात. पहिला चमचा वर गेला. थेंब सांडला नाही. दुसराही तसाच. टोवेने रुमाल डोळ्यांना लावला.

तिसऱ्याला हेनिंगने तोंड उघडलं नाही. त्याने मान डावीकडे नेली, चमचा डावीकडे गेला. उजवीकडे नेली, चमचा मागोमाग. मग त्याने एगोनकडे पाहिलं.

"हात बाहेर काढ."

"जरा गारवा..."

"जून चालू आहे, एगोन. एकतीस वर्षं क्रेन चालवली मी. माल टेकवायच्या आधी माणूस श्वास रोखतो. तू दर घासाला रोखतोयस."

एगोनने पेटी टेबलावर ठेवली. त्याची मान लालबुंद झाली होती. "आपोआप चालत नाही तो," तो म्हणाला. "वाचनालयातही चालला नव्हता. मी फसवलं तुम्हाला. तोंड दाखवायची लाज वाटतेय मला." अधांतरी राहिलेल्या चमच्यातून सूप झेंड्यावर ठिबकत होतं. टोवे खाली बघत राहिली. माझे कान तापले होते, पण तोंड बंदच होतं.

हेनिंग म्हणाला, "सूप निवतंय. टोवे, भरव."

सगळ्यांसमोर तिने त्याला भरवलं. हनुवटीवर ओघळ आला, तिने पुसला. धाकटा मुलगा आधी खिडकीबाहेर बघत होता, नंतर वळून बापाकडे बघू लागला. एगोन जायला उठला, तेव्हा हेनिंग खेकसला, "बस खाली! वाढदिवस माझा आहे." एगोन बसला, पण एकही घास त्याने तोंडात घातला नाही.

निघताना एगोन यंत्राचा खोका घेऊन गाडीकडे गेला आणि मी हेनिंगचा निरोप घेतला. माझा हात त्याच्या थरथरत्या हातात होता. तो हळूच म्हणाला, "सगळे चमच्याकडे बघत होते. तू पहिल्या घासापासून त्याच्या खिशाकडे बघत होतीस."

मी हात सोडवून घेतला आणि गाडीकडे निघाले.

गाडी एगोन चालवत होता. वळणावर म्हणाला, "निदान तुला तरी आधी सांगायला हवं होतं मी. तू मला अडवलं असतंस."

मी म्हणाले, "हो."