राष्ट्राध्यक्षांचा हात
सर्दीच्या मलमाचा वास आला की मला कॅनडातल्या आमच्या व्हँकुव्हरमधलं ते सिनेमाचं शूटिंग आठवतं आणि किळस येते. आमच्या लायब्ररीवर अमेरिकेचे झेंडे चढवले होते आणि मला शहीद सैनिकाचा बाप म्हणून उभं केलं होतं. राष्ट्राध्यक्षाचं काम करणारा नट माझा हात हातात घेऊन गहिवरायचा आणि 'कट' ऐकू आलं की आपला हात पँटला पुसायचा. “अंकल, थोडा और रोना है,” म्हणत पंजाबी असिस्टंट माझ्या डोळ्यांखाली पुन्हा मलम चोळायची. पुढे थिएटरात त्याला पडद्यावर पाहून बायको डोळे पुसत म्हणाली, “काय देवमाणूस आहे हो!” आता बातम्यांत अमेरिकेचा खरा राष्ट्राध्यक्ष कुणा सैनिकाच्या बापाचा हात धरतो, तेव्हा मी त्याच्या हातावरून नजर काढत नाही; पण हात सुटायच्या आतच कॅमेरा दुसरीकडे वळतो.