मुलाच्या मामांच्या पोटात काय होतं

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्यांना नव्या पाट्या आल्या, त्यातल्या एकीत मी नवा कारकून लागलो, आणि त्याच सुमाराला पाऊस गेला तो गेलाच. गल्लीत टीव्ही एकट्या आमच्याकडं. आठवड्यातून एकदा मालिका लागायची. उरलेले सहा दिवस टँकरच्या रांगेत माझं कीर्तन: कोण घराशी इमानी, कोणाच्या पोटात काय. मालिकेतल्या गोडबोल्या मामानं मृत्युपत्र दडवलंय, हे मी चार आठवडे आधी सांगितलं आणि तस्संच निघालं. लोकांनी मला रांगेत पुढं घेतलं. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

खरं तर तो अंदाज धाकट्या बहिणीचा. "दादा, हा मामा कधी काहीच कसा मागत न्हाई?" असं तिनंच विचारलं होतं. श्रेय मी खाल्लं. ती नुसती हसली.

मग तिला हदगावकडचं स्थळ आलं. मुलगा मास्तर. तो बघून गेला त्या आठवड्यात ती मालिका बघायचीच विसरली, यावरून काय ते समजा.

बैठकीला मुलाचे मामा आले. पाणी दिलं तर दोनच घोट घेतले. हात धुवायला म्हणून परसात गेले, ते आडापाशी बराच वेळ वाकून उभे. मी खिडकीतून बघत होतो. आत येऊन म्हणाले,

"पावनं, लग्न आमच्या दारात करू. तुमी निस्ते घरचे माणसं घेऊन या. देण्याघेण्याचं तर बोलूच नका."

आमच्याकडं लग्न मुलीच्या दारात लागतं. इथं वरपक्ष स्वतःहून म्हणतोय आमच्या दारात, वर काही मागत नाही! जिल्हा झाल्यापासून गल्लीतल्या जागांना भाव आला होता. माझ्या डोक्यात मालिकेचं संगीत वाजायला लागलं. वडील हो म्हणणार, तेवढ्यात मी खाकरलो.

"मामा, आज कायबी मागंनात तुमी. उद्या मागली जागा मागायचा बेत हाय का? मघा मापं घेत होतात, बघितलं मी."

मामांनी कपबशी खाली ठेवली.

"आड बघितला बाबा मी. तळ दिसून राहिला. वऱ्हाडाला काय पाजणार तुमी? आमच्या विहिरीला अजून पाणी हाय, म्हणून म्हणलं."

वडिलांनी त्यांचे हात धरले. मामा उठलेच. "न्हाई पावनं. आजच आमची झडती, तर पुढं कसं व्हायचं?"

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं हदगाव गाठलं, माफी मागितली. त्यांनी जेवू घातलं, पण सोयरीक नाही म्हणाले. परत आलो तेव्हा बहीण ज्वारी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं,

"जागा पायजे होती का रं त्यांना?"

"न्हाई."

"असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान तू खरा तरी निघाला असतास."

पुढं तिला औशाला दिलं. माहेरी येते, दोन दिवस राहते. कसं चाललंय विचारलं की म्हणते, "बरं हाय." तेवढंच. त्यात काय दडलंय, ते शोधायची माझी छाती होत नाही.